चार घाट दोन दिवसांत करण्यापेक्षा दोनच घाट, पण नीट वेळेला

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी पुण्याहून निघायचं, ताम्हिणीने कोकणात उतरायचं, वरंधा आणि आंबेनळी बघायचे आणि जमलं तर कुंभार्लीने वर यायचं, असा तुमचा बेत आहे. गाडीत आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास, त्यात आईंना गाडी लागते. नऊ वर्षांचा मुलगा सोबत. चालवणार एकट्या तुम्ही, परवाना मिळून दोन वर्षं झालीत, गाडी एएमटीची, म्हणजे क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी, छोटी हॅचबॅक. आणि विचारलंय की यातला सगळ्यात सुंदर घाट कोणता आणि नवख्या माणसाने तो चालवावा का.

मी मूळचा भोर तालुक्यातला. सव्वीस वर्षं टुरिस्ट गाडी चालवतोय, पहिली सहा वर्षं मालकाच्या सुमोवर, नंतर स्वतःच्या गाडीवर. या पट्ट्यातले घाट पावसात, धुक्यात, रात्रीचे, सगळ्या तऱ्हांनी चढलोय-उतरलोय. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, तुम्ही चालवू शकाल. पुण्याच्या रहदारीत दोन वर्षं काढलेल्या माणसाला घाटातलं स्टिअरिंग जड जात नाही. जड जातो तो उतार, आणि तो शिकता येतो. पण चार घाट नकोत. एका खेपेला दोन पुरेत, एक उतरायला आणि एक चढायला.

का ते सांगतो. तुम्ही नकाशावर घाट मोजलेत, घाटांच्या मधलं अंतर मोजलेलं नाही. सह्याद्री ही उत्तर-दक्षिण उभी भिंत आहे आणि प्रत्येक घाट म्हणजे त्या भिंतीला लावलेला एकेक जिना. एका जिन्याने उतरून दुसऱ्याने चढायचं तर मधलं अंतर पायथ्याने कापावं लागतं, आणि पायथ्याला आहे मुंबई-गोवा महामार्ग. ताम्हिणी उतरून माणगावला आलात आणि कुंभार्लीसाठी चिपळूण गाठायचं म्हटलं, तर शंभर किलोमीटरहून जास्त महामार्ग झाला. कुंभार्ली चढून पाटण, कराड, आणि कराडहून पुणे पुन्हा १६० किलोमीटर महामार्गच. म्हणजे डोंगर बघायला निघालेल्या माणसाचा बहुतेक वेळ कंटेनरच्या मागे जायचा, आणि घाटाच्या वाट्याला येणार तुमचे थकलेले हात न् आईंचा मळमळणारा जीव. कुंभार्ली वाईट नाही, पण तो कोयना-चिपळूणचा ट्रकांचा रस्ता आहे. आंबेनळी देखणा आहे, प्रतापगडाच्या अंगावरून उतरतो, पण शनिवार-रविवारी त्याच्या वरच्या टोकाला महाबळेश्वर-पाचगणीची गर्दी असते आणि पसरणी घाटात गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. हे दोन्ही या खेपेला सोडा.

नकाशातला ॲप जो वेळ दाखवतो तो न थांबता जाणाऱ्याचा असतो. म्हातारी माणसं आणि मूल सोबत असेल तेव्हा मी घाटरस्त्याला तासाला २५ किलोमीटर धरतो, आणि दर पाऊण तासाला दहा मिनिटांचा थांबा. हा हिशेब कधी चुकलेला नाही.

आता जी गोष्ट मला मनापासून सांगायची आहे ती ही की घाटाचं सौंदर्य तुम्ही तो कुठल्या दिशेने आणि किती वाजता करता यावर ठरतं. आपले सगळे घाट पूर्व-पश्चिम जातात. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे कोकणात उतरताना ते तुमच्या पाठीशी असतं. समोरची काच स्वच्छ दिसते आणि खालचं कोकण उजळलेलं असतं. कडे मात्र त्या वेळी सावलीत, काळपट दिसतात, कारण त्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. तेच कडे दुपारी तीननंतर बघा. मावळतीकडचं ऊन सरळ त्यांच्यावर पडतं आणि खडकाचा एकेक थर वेगळा मोजता येतो. हा सगळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला, म्हणून तो आडव्या पट्ट्यांचा दिसतो. त्या वेळेला तुम्ही चढत असाल तर ऊन पुन्हा पाठीशी आणि उजळलेली भिंत डोळ्यांसमोर. म्हणून माझा नेम ठरलेला आहे, सकाळी उतरायचं आणि दुपारी चढायचं. याच्या उलट केलंत, म्हणजे संध्याकाळी पाच वाजता कोकणात उतरायला लागलात, तर प्रत्येक पश्चिमेच्या वळणावर सूर्य डोळ्यांत येतो. काचेवर थोडी जरी धूळ असली तरी एक-दोन क्षण समोरचं काहीच दिसत नाही, आणि ते क्षण नेमके वळणावरचे असतात.

यात सुरक्षेचा मुद्दाही आहे. थकलेल्या माणसाने उतार चालवू नये. चढावर चूक झाली तर गाडी बंद पडते किंवा रेंगाळते. उतारावर चूक झाली तर गाडी वेग घेते. उतार ताज्या डोक्याने सकाळी संपवून टाकावा.

यावरून तुमचा बेत आपोआप तयार होतो. शनिवारी सकाळी ताम्हिणी उतरायचा, महाडला मुक्काम करायचा, आणि रविवारी दुपारी वरंधा चढून भोरवरून घरी यायचं. सारी फेरी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होते. दोन दिवसांना तेवढी भरपूर आहे.

शनिवारी सहाला चांदणी चौक सोडा. सहा म्हणजे सहाच. सप्टेंबरअखेर सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो. पिरंगुट-पौडची गर्दी लागायच्या आत पुढे निघालात की मुळशीच्या पाण्याकाठचा रस्ता तुम्हाला एकट्याला मिळतो. आठनंतर तिथे मोटरसायकलींचे थवे येतात आणि मग थांबायला जागा उरत नाही. मुळशीला गाडी बाजूला घेऊन मुलाला एक गोष्ट सांगा. हे पाणी मुळा नदीचं. आपल्या चालीने ते पुण्याकडे, पुढे भीमेत, कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी धरण बांधून ते उलट फिरवलं. डोंगरातून ते खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं, वीज करतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. कोलाडला लोक रबरी होडीतून राफ्टिंग करतात ते याच सोडलेल्या पाण्यावर. आणि हेही सांगा, की या धरणात जमिनी गेल्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांच्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला होता. रस्त्याकाठची भातखाचरं बघताना ते आठवावं, कारण त्या पाण्याखाली तशीच खाचरं आहेत.

पुढे ताम्हिणी गावाजवळ विंझाईचं देऊळ लागतं. झाडीत आहे, शांत आहे, आई-बाबांना उतरून पाय मोकळे करायला चांगलं. मग निवे, आणि निव्याच्या पुढे खरा उतार सुरू होतो. सप्टेंबरअखेरचा काळ तुम्ही बरोबर निवडलाय. धबधबे बारीक झालेले असतात पण आटलेले नसतात, उतारांवर सोनकी पिवळी फुललेली असते, तेरडा गुलाबी. जुलैमधला ताम्हिणी म्हणजे धुकं, पाऊस आणि माणसं. त्यात रस्ता दिसत नाही आणि दरीही नाही. मी ओळखीच्या लोकांना जुलैत तिथे नेतच नाही.

आता उतार. हा भाग नीट वाचा.

उतारावर ब्रेक दाबून गाडी सांभाळायची नसते, गिअरने सांभाळायची असते. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने एकदा गणित करून दाखवलं. माणसं आणि सामान धरून १,२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरली, आणि तिचा सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिने साधारण १८ लिटर थंड पाणी उकळेल. ती उष्णता चार चाकांतल्या हातभर लोखंडात कोंबायची. मग पॅड तापतात, त्यांची पकड सुटायला लागते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओल धरलेली असते, ते उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. लोक म्हणतात ब्रेक फेल झाला. ब्रेक फेल होत नाही, तो तापवून निकामी केला जातो.

एएमटीत एक अडचण आहे ती लक्षात घ्या. गाडी आपोआप गिअर बदलण्यावर ठेवलीत, तर उतारावर वेग वाढला की ती स्वतःच वरचा गिअर टाकते, म्हणजे इंजिनाचा धरून ठेवणारा जोर जातो आणि सगळं पुन्हा ब्रेकवर येतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी दांडी मॅन्युअलवर घ्या आणि दुसरा गिअर टाकून ठेवा. फार तीव्र वळणाला पहिला. जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ते आजही खरं आहे. इंजिनाचा आवाज वाढेल, मुलगा विचारेल गाडी ओरडते का. ओरडू द्या, त्याने इंजिनाला काही होत नाही. ब्रेक लागेल तेव्हा वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, ठसठशीत दाबायचा आणि सोडून द्यायचा. वळणात ब्रेक नाही. पाय पॅडलवर टेकवून ठेवायचा नाही. पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे घाटभर विझलेच नाहीत असं दिसलं, तर तिच्यापासून लांब राहा.

न्यूट्रल कधीच नाही. पेट्रोल वाचवायला काही लोक इंजिन बंद करून घाट उतरतात, त्यांच्या नादी लागू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. करपट वास आला, किंवा पॅडल नेहमीपेक्षा खोल जातंय असं वाटलं, तर पहिल्या रुंद जागेत थांबा. अर्धा तास. चाकांवर पाणी मारू नका, तापलेली डिस्क त्याने वाकते. नुसतं थांबणं पुरतं.

चढावर एएमटीची दुसरी खोड. आत क्लच साधाच असतो, फक्त तो गाडी दाबते. चढावर पुढची गाडी थांबली आणि तुम्ही ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवलीत, तर तो क्लच घासत बसतो आणि पाच मिनिटांत जळका वास यायला लागतो. थांबायचं तर ब्रेकवर थांबा, निघताना हँडब्रेक ओढा, ॲक्सिलरेटर द्या, गाडीने ओढ घेतली की हँडब्रेक सोडा. हे घरी बसून येत नाही. जायच्या आधीच्या एखाद्या रविवारी पहाटे पुण्याजवळचा बोपदेव घाट दोनदा चढा न् दोनदा उतरा. एकदा एकट्याने, एकदा बाबांना शेजारी बसवून. तिथे हात बसला तर ताम्हिणी अवघड नाही.

साइड देण्याबद्दल. अरुंद जागी समोरासमोर आलो तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियमच आहे. कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं कठीण. एसटीला तर आधीच जागा बघून थांबा. तिला वळणावर पुढचं नाक पलीकडच्या कडेपर्यंत न्यावंच लागतं, आणि मागचा भाग आतल्या बाजूने घासत येतो. तो ड्रायव्हर रोज त्याच रस्त्यावर असतो. तो हाताने थांबा म्हणाला तर थांबा, या म्हणाला तर या. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि उत्तर ऐका, त्यासाठी एक काच दोन बोटं उघडी आणि गाणी बंद.

पण साइड देताना किती बाजूला व्हायचं? यावर मी माझी एक चूक सांगतो. गाडीवर बसून दुसरंच वर्ष होतं, जुलै महिना, वरंध्यात धुकं. आठ माणसं गाडीत. समोरून एसटी आली म्हणून मी डावीकडे सरकलो. डांबर सुटलं आणि चाकं हिरव्या पट्टीवर गेली. गुडघाभर गवत होतं, दिसायला सपाट. खालची माती पावसाने वाहून गेलेली होती. डावं पुढचं चाक एकदम खाली गेलं, गाडी कलली, आणि माझ्या बाजूने मला फक्त आभाळ दिसत होतं. एक म्हातारे गृहस्थ मागून अगदी शांतपणे म्हणाले, "कुणी हलू नका." त्यांच्या त्या तीन शब्दांमुळे कुणी दरवाजा उघडला नाही. एसटीतली माणसं उतरली, मागचा बंपर धरून उभी राहिली, मग आमची माणसं उजव्या दाराने एकेक करून बाहेर काढली. गाडी दोराने ओढायला दोन तास लागले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या दिवसापासून पावसाळ्यात माझं चाक डांबराच्या बाहेर जात नाही. जागा नसेल तर मी मागे घेतो, लागेल तेवढं मागे घेतो. सप्टेंबरअखेर गवत सगळ्यात उंच असतं. त्याच्याखाली जमीन आहे असं धरून चालू नका.

आईंना गाडी लागते, त्याचं. गाडी लागते ती अर्ध्याहून जास्त वेळा चालवणाऱ्यामुळे लागते. मला ज्यांनी घाट शिकवला ते वस्ताद मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, वळण आलेलं मला कळता कामा नये. पोटाला त्रास वळणाचा होत नाही, धक्क्याचा होतो. वळणात शिरताना ब्रेक, मध्येच पुन्हा थोडा ब्रेक, बाहेर पडताना एकदम ॲक्सिलरेटर, असं केलं की मागच्याचं पोट ढवळतं. वळणाआधी वेग कमी, वळणभर एकच लय, सरळ झाल्यावर हळूहळू वाढवा. आईंना पुढे बसवा, बाबा आणि नातू मागे. लांबवर बघायला सांगा, मोबाइल बघायचा नाही. सकाळी उपाशी निघू नका आणि तेलकट खाऊन पण निघू नका. भाकरी किंवा पोळी चहाबरोबर चालते. आलेपाक, आवळासुपारी बऱ्याच जणांना लागू पडते. गोळी द्यायची असेल तर आईंच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण या वयात दुसरी औषधं चालू असतात, आणि ती घाटाच्या निदान अर्धा तास आधी पोटात गेली पाहिजे. उतार लागल्यावर दिलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

ताम्हिणी उतरलात की विळे, मग माणगाव, आणि महामार्गाने तीसेक किलोमीटरवर महाड. जेवायच्या वेळेपर्यंत तुम्ही पोचलेल्या असाल. दुपार मोकळी मिळते. आई-बाबांना चढवत असेल-नसेल, रायगडाला हिरकणीवाडीतून रोपवे आहे. निघण्याआधी तो चालू आहे का विचारून घ्या, वारा-पाऊस जास्त असला की बंद ठेवतात. खाली पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. गडावर जाणं झालं नाही तरी तिथे जाऊन या, गाडी जवळपर्यंत जाते. महाड गावात चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी जिथे पाण्याला हात लावला ती जागा मुलाला दाखवा. संध्याकाळी सातनंतर गाडी हलवू नका.

रविवारी सकाळी घाई नाही, कारण वरंधा दुपारी चढायचाय. महाडहून बिरवाडी, आणि वरंध्याच्या वाटेवरून आत फाटा घेऊन शिवथरघळ. समर्थांनी दासबोध लिहिला ती जागा म्हणून मानतात. शेजारी धबधबा आहे, सप्टेंबरात भरपूर पाणी असतं. पायऱ्या आहेत, बाबांचे गुडघे बघून ठरवा. तिथे जेवणवेळ काढा आणि दोन-अडीचला घाटाला लागा. वरंधा ताम्हिणीपेक्षा अरुंद आहे आणि वळणं जास्त आवळलेली आहेत, पण तुम्ही चढणार आहात. वरच्या अंगाला वाघजाईचं देऊळ आणि भज्यांच्या टपऱ्या आहेत. मला विचाराल तर या सगळ्या फेरीतली सगळ्यात चांगली जागा ती. तीन-साडेतीनला तिथे उभं राहिलं की समोरच्या कड्यांवर ऊन पडलेलं असतं, खाली शिवथरचं खोरं भाताने पिवळसर व्हायला लागलेलं असतं, आणि ज्या रस्त्याने आलात तो पायाखाली दोऱ्यासारखा पडलेला दिसतो. माकडं आहेत, भजी हातात धरून फिरू नका. जवळच कावळ्या किल्ला आहे, त्याचा डोंगर फोडूनच रस्ता वर काढलाय.

माथ्यावर आलात की मुलाला मुळशीची आठवण करून द्या. इथे पाणी आपल्या मर्जीने वाटलं जातं. पश्चिमेकडे पडलेला थेंब सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला जातो. दोन पावलं पूर्वेला पडलेला नीरेत जातो. नीरा इथे शिरगावजवळच उगम पावते, आणि तो थेंब पुढे भीमेतून, कृष्णेतून पार आंध्रात पोचतो. माझ्या मुलाला मी हे दाखवलं तेव्हा तो पहिलीत होता. अजून घाटात आला की विचारतो, आत्ता आपण कुठल्या समुद्राच्या बाजूला आहोत.

शिरगावपासून भोरपर्यंत बराच वेळ नीरा-देवघर धरणाचं पाणी सोबत असतं. ऊन पाठीशी, रस्ता हळूहळू उतरणारा, घाईचं काही नाही. इथे गाव आलं की वेग कमी करा, संध्याकाळी गुरं घरी परतत असतात आणि रस्ता आधी त्यांचा आहे. भोरपासून पुढे महामार्ग लागला की तास-दीड तासात घर.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे पाऊस. सप्टेंबरअखेर सकाळ लख्ख असते आणि दुपारी एकदम गडगडाट होतो. हवामान खातं पुणे घाट आणि रायगड यांचा इशारा वेगळा देतं, शहराचा अंदाज बघून निघू नका. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत पुढे ढकला, हॉटेलचे पैसे बुडाले तरी चालतील. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याच पावसात आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्यात दोन एसटी गेल्या. त्या रात्रीनंतर मी पावसात अंधाराचा ओळखीच्या पुलावरूनसुद्धा विचार करूनच जातो. इशारा नसतानाही वाटेत दगडगोटे किंवा ताजी लाल माती रस्त्यावर दिसली, तर तिथे थांबून फोटो काढायचा नाही, वर नजर टाकून निघून जायचं. कड्याच्या पोटाला लागून गाडी उभी करायची नाही.

दुसरं, वरंधा चालू आहे का. पावसाळ्यात तो बरेचदा वाहतुकीला बंद असतो, शिवाय रुंदीकरणाची कामंही मधूनमधून चालतात. हे निघायच्या आदल्या दिवशी विचारा. महाड किंवा भोरच्या एसटी स्टँडवरची माणसं सगळ्यात खरी माहिती देतात. बंद असेल तर रविवारी पोलादपूरवरून आंबेनळी चढा, दिशा तीच, पण अकरालाच निघा, म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याशी थांबूनही वाईला अंधाराच्या आत पोचाल.

तिसरी गाडी. टायरच्या खाचा काडीपेटीच्या काडीने मोजा. कायद्याने १.६ मिलिमीटर चालतात, मी तीनच्या खाली गेल्या की ओल्या घाटात नेत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदलून घ्या, वर सांगितलं ते ओल धरण्याचं कारण हेच. वायपरचे रबर नवे, काच धुवायच्या पाण्यात थोडा शाम्पू, स्टेपनीत हवा. पाच माणसांचा हवेचा आकडा दाराच्या कडेवर लिहिलेला असतो, तो भरा. धुकं लागलं तर दिवे खाली, कारण अप्पर लावला की पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही उभ्या आहात की चालताय ते कळत नाही. आतून काच धूसर झाली तर एसी काचेवर सोडा. पेट्रोल पुण्यातच टाकी भरून घ्या. निव्याच्या पुढे आणि वरंध्यात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा नकाशा आधी उतरवून ठेवा आणि घरी कुणाला तरी वाट आणि वेळ सांगून ठेवा.

तुम्ही शेवटी आडवाटांचंही विचारलंय. आहेत, आणि मला त्या घाटांहून जास्त आवडतात. लोणावळ्याहून कोरीगडाच्या पायथ्याने, घुसळखांब-सालतर-भांबुर्डे करत निव्याला येणारा रस्ता आहे. तैलबैलाच्या दोन भिंती त्याच्यावरून दिसतात. वेल्ह्यातून केळदकडे जाणारा आहे, तोरण्याच्या पायथ्याने. साताऱ्याहून कासवरून बामणोली, नाहीतर महाबळेश्वरहून तापोळा, जिथे कोयनेच्या पाण्यावर गाडी तराफ्यातून पलीकडे नेतात. पण या रस्त्यांवर मैलोन् मैल माणूस भेटत नाही, डांबर कुठे आहे कुठे नाही, आणि पंक्चर झालं तर स्वतः चाक बदलता आलं पाहिजे. या दोन घाटांची खेप झाली, हात बसला, की नोव्हेंबर-डिसेंबरात कोरड्या रस्त्यावर तिकडे जा. भोरहून आंबवड्याचा झुलता पूल बघत मांढरदेवीवरून वाईला निघणारी वाट त्यातली सगळ्यात सोपी, सुरुवात तिथून करा.

एक शेवटची गोष्ट, रविवारच्या वेळेबद्दल. शिवथरघळीत वेळ जातो, मूल पाण्यातून बाहेर निघत नाही, मला माहीत आहे. चार वाजले आणि तुम्ही अजून शिवथरघळीतच असाल, तर वरंधा चढू नका. साडेसहाला अंधार होतो आणि तो तुम्हाला घाटात गाठेल. तेव्हा एकतर परत महाडला एक रात्र राहा आणि सोमवारी चढा, शाळेचा एक दिवस बुडाला तर बुडाला. नाहीतर महामार्गाने वाकण, तिथून पाली-खोपोली करत एक्स्प्रेसवेने या. लांब पडेल, पण रस्ता मोठा आहे.